गॅलिलिओने सूर्याचा अभ्यास कसा केला, हे लहान मुलांना कसे सांगावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना गॅलिलिओच्या सूर्याभ्यासाची कथा समजेल अशा रीतीने सांगायची आहे, मात्र दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यामुळे तो आंधळा झाला, हे मुलांना सांगावे का आणि सूर्यावरील डाग त्यानेच सर्वांत आधी पाहिले असे म्हणावे का, याविषयी तुम्हाला शंका आहे. दोन्ही शंकांचे उत्तर नकारार्थी आहे आणि ते पुढे सकारण दिले आहे. त्याआधी एक मत नोंदवतो. मुलांना आकाशाची ओळख करून देण्याच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर मला असे वाटते की, या कथेतील शिकवण्याजोगा भाग 'गॅलिलिओने डाग शोधले' हा नाही. एकाच आकाराच्या वर्तुळात, दररोज साधारण ठरलेल्या वेळी, त्याने सूर्याची चित्रे काढली आणि ती चित्रे क्रमाने लावून एका वादाचा निकाल लावला, हा खरा शिकवण्याजोगा भाग आहे. वर्तुळात ठिपके काढणे सहा वर्षांच्या मुलालाही जमते, म्हणून ही कथा त्याच्या आवाक्यात येते.

आधी आंधळेपणाविषयी. गॅलिलिओची दृष्टी १६३७-३८ च्या सुमारास गेली. त्या वेळी तो ७३ वर्षांचा होता. डागांची त्याची प्रसिद्ध चित्रे १६१२ च्या उन्हाळ्यातील आहेत. मधली २५ वर्षे त्याने वाचन, लेखन आणि निरीक्षणे चालूच ठेवली. किंबहुना दृष्टी पूर्ण जाण्याच्या थोडेच आधी, १६३७ मध्ये, चंद्राचे बिंब आपल्याला किंचित डोलताना दिसते हे त्याने नोंदवले. सूर्यप्रकाशाने डोळ्याच्या आतील पडद्याला होणारी इजा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत लक्षात येते, ती पाव शतक दबा धरून बसत नाही. त्यामुळे उतारवयात होणाऱ्या नेत्रविकाराने त्याची दृष्टी गेली, असे मानणेच सयुक्तिक आहे. मुलांनी सूर्याकडे पाहू नये म्हणून ही कथा सांगितली जाते हे मला ठाऊक आहे, पण खोटा दाखला देऊन सावध करण्यापेक्षा खरे कारण सांगितलेले मुलांना अधिक पटते. डोळ्यातले भिंग सूर्याचा प्रकाश एका लहानशा जागी गोळा करते. त्या जागेच्या पडद्याला दुखणे कळतच नाही. म्हणून तिथे इजा होत असताना आपल्याला काहीही जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. दुर्बिणीचे भिंग डोळ्याच्या भिंगापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश गोळा करते, त्यामुळे तिच्यातून सूर्याकडे क्षणभरही पाहायचे नसते. इतिहासातला दाखला हवाच असेल, तर तो इंग्लंडमधील थॉमस हॅरियटचा द्यावा. तो बहुधा सूर्य क्षितिजाजवळ असताना किंवा धुक्याआडून दुर्बिणीने पाहत असे, आणि तरीही १६१२ मधील एका निरीक्षणानंतर तासभर आपली दृष्टी अंधुक राहिली होती, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

आता पहिलेपणाचा प्रश्न. दुर्बिणीचा शोध लागण्याच्या सोळाशे वर्षे आधीपासून चीनमधील निरीक्षकांनी सूर्यावरील काळ्या डागांच्या नोंदी केलेल्या आहेत, कारण एखादा फार मोठा डाग सूर्य क्षितिजाजवळ मंद झालेला असताना नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो. दुर्बिणीच्या काळात हॅरियटने डिसेंबर १६१० मध्ये डाग पाहून त्यांचे रेखाटन केले, पण ते छापले नाही. योहानेस फाब्रिसियुस या तरुणाने आणि डाव्हिड या त्याच्या वडिलांनी १६११ च्या मार्च महिन्यात उत्तर समुद्राजवळच्या एका खेड्यातून डाग पाहिले. डोळ्यांना त्रास होऊ लागल्यावर त्यांनी अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून सूर्याची प्रतिमा पाडली, आणि योहानेसने त्याच वर्षी या विषयावर पुस्तिका छापली. सौरडागांवरील ते पहिले छापील लेखन होय. त्याच सुमारास इंगोलस्टाट येथे क्रिस्टोफ शायनर हा जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा गणितज्ञही डाग पाहत होता. म्हणजे गॅलिलिओ धरून चार वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची फारशी वार्ता नसताना, काही महिन्यांच्या अंतराने लोकांना हे डाग दिसले. गॅलिलिओ आणि शायनर यांच्यात पुढे पहिलेपणावरून मोठे भांडण झाले. लहान मुलांसमोर त्या भांडणात शिरण्याचे कारण नाही. 'नवी दुर्बीण हाती आली आणि अनेकांनी सूर्यावर डाग पाहिले' एवढे वाक्य त्यांना पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. योहानेस केप्लरने तर १६०७ मध्ये दुर्बिणीशिवाय, छिद्रातून पाडलेल्या प्रतिमेत एक डाग पाहिला होता. पण सूर्यासमोरून बुध ग्रह चालला आहे, असा त्याचा समज झाला.

मग गॅलिलिओचे वेगळेपण कोणते? डाग दिसतात याविषयी कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो डाग कोठे आहेत याविषयी. आकाशातील गोष्टी निर्मळ असतात आणि कधी बदलत नाहीत, अशी शिकवण तेव्हाच्या विद्यापीठांत शतकानुशतके चालत आलेली होती. ती खरी मानायची, तर सूर्यावर डाग असणे शक्यच नव्हते. म्हणून शायनरने असा तर्क केला की, सूर्याभोवती पुष्कळ लहान लहान गोल फिरत असावेत आणि ते सूर्यासमोरून जाताना आपल्याला काळे दिसत असावेत. आपले म्हणणे त्याने 'अपेलीस' या टोपणनावाने ऑग्सबर्ग येथील मार्क वेल्झर या गृहस्थाला पत्रांतून कळवले आणि वेल्झरने ती पत्रे जानेवारी १६१२ मध्ये छापून गॅलिलिओचे मत मागवले. गॅलिलिओने मे, ऑगस्ट आणि डिसेंबर १६१२ मध्ये वेल्झरला तीन पत्रे पाठवली, आणि ती पुढच्या वर्षी रोममधील लिंचेई अकादमीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ही पत्रे विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हती. सर्वसामान्य वाचकाला कळावीत म्हणून ती इटालियनमध्ये लिहिलेली होती. शायनरला हिणवण्याची मात्र गरज नाही. त्याने पुढे अनेक वर्षे सूर्याची अत्यंत काटेकोर निरीक्षणे केली आणि स्वतःचा आधीचा तर्क सोडून दिला.

मुलांना ही कथा प्रत्यक्ष सांगताना मी साधारण पुढील शब्द वापरतो. लहान वाक्ये मुद्दाम ठेवली आहेत. प्रत्येक वाक्यानंतर मुले प्रश्न विचारतात आणि त्यांना जागा द्यावी लागते.

"चारशे वर्षांपूर्वी इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहरात गॅलिलिओ राहत होता. त्याच्याकडे स्वतः तयार केलेली दुर्बीण होती. दुर्बिणीतून त्याने चंद्रावरचे डोंगर पाहिले होते आणि गुरूचे चंद्रही पाहिले होते. आता त्याला सूर्य पाहायचा होता. पण सूर्य इतका तेजस्वी असतो की त्याच्याकडे पाहिले तर डोळ्यांना इजा होते. त्याचा एक हुशार विद्यार्थी होता, त्याचे नाव बेनेडेट्टो कास्तेल्ली. कास्तेल्लीने एक युक्ती काढली. तो म्हणाला, आपण दुर्बीण सूर्याकडे वळवू, पण डोळा तिला लावायचाच नाही. दुर्बिणीच्या मागच्या बाजूला कागद धरू. सूर्याचा प्रकाश दुर्बिणीतून येईल आणि कागदावर सूर्याचे गोल चित्र पडेल. तसे केल्यावर कागदावर सूर्य दिसला आणि त्यावर काळे डागही दिसले. गॅलिलिओने कागदावर आधीच एक वर्तुळ काढून ठेवले होते. कागद पुढे-मागे सरकवून त्याने सूर्य त्या वर्तुळात बरोबर बसवला आणि जिथे डाग दिसला तिथे शाईने तसाच डाग काढला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला त्याने नवे चित्र काढले. तिसऱ्या दिवशीही काढले. मग त्याने चित्रे शेजारी शेजारी ठेवली. डाग सरकलेले होते!"

इथे थांबून मुलांना उत्तर न देता विचारावे की डाग का सरकले असतील. 'डाग चालत होते', 'सूर्य फिरत होता', 'गॅलिलिओने चुकीच्या जागी काढले' अशी तिन्ही उत्तरे येतात आणि तिन्ही विचार करण्याजोगी आहेत. तिसऱ्या उत्तराला तर मी विशेष दाद देतो, कारण एकाच आकाराचे वर्तुळ आणि ठरलेली वेळ यांची गरज नेमकी त्याच शंकेमुळे निर्माण होते. वर्तुळ दररोज वेगळ्या आकाराचे असते तर कालचा आणि आजचा डाग यांची तुलना करता आली नसती. आणि सकाळ व संध्याकाळ यांच्यात सूर्याचे बिंब क्षितिजाच्या मानाने तिरके होत जात असल्यामुळे, निरीक्षणाची वेळ बदलली असती तर डाग न सरकताही सरकल्यासारखे भासले असते. आणखी एक बारकावा थोड्या मोठ्या मुलांना फार आवडतो: कागदावर पडणारे चित्र उलटे असते, कारण दुर्बिणीतून बाहेर पडताना किरण एकमेकांना छेदतात. त्यावर गॅलिलिओने दिलेला उपाय असा की, कागदाची वरची बाजू खाली करावी आणि तो पाठमोरा करून उजेडासमोर धरावा, म्हणजे आकाशातल्यासारखे सरळ चित्र दिसते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक गोष्टींच्या पुस्तकांत तोच गाळलेला असतो. डाग सरकतात एवढ्याने शायनरचा तर्क खोटा ठरत नाही, कारण सूर्याभोवती फिरणारे गोलही सरकलेच असते. निकाल लागला तो डाग कसे सरकतात आणि सरकताना कसे दिसतात यावरून. गॅलिलिओच्या चित्रांत डाग बिंबाच्या मध्यावर असताना रुंद दिसतो आणि एका दिवसात बराच पुढे जातो. कडेजवळ आला की तो चिंचोळा होतो आणि त्याची चाल मंदावल्यासारखी दिसते. आजच्या मापांनी सांगायचे तर, पृथ्वीवरून पाहताना सूर्याची एक फेरी सुमारे २७ दिवसांत पूर्ण होते, म्हणजे डाग एका दिवसात सुमारे १३ अंश वळतो. चित्रातील वर्तुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर बिंबाच्या मध्यावरून निघालेला डाग पहिल्या दिवशी २ सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकतो आणि कडेला पोहोचण्याच्या शेवटच्या दिवशी मात्र जेमतेम ३ मिलिमीटर. डाग म्हणजे सूर्यापासून बरेच दूर फिरणारे गोल असते, तर त्यांनी बिंबाची एक कड ते दुसरी कड हे अंतर जवळजवळ सारख्याच चालीने ओलांडले असते आणि कडेला ते चिंचोळेही झाले नसते. ते सूर्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याला अगदी लगटून आहेत, असे गॅलिलिओने यावरून दाखवून दिले, आणि सूर्य स्वतःभोवती सुमारे एका चांद्रमासात फिरतो हेही सांगितले.

हा युक्तिवाद लहान मुलांना शब्दांत पटणार नाही. तो चेंडूवर दाखवावा. मोठ्या एकरंगी चेंडूवर गडद कागदाची गोल टिकली चिकटवावी, चेंडू मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि सावकाश फिरवावा. टिकली समोर असताना, थोडी बाजूला गेल्यावर आणि अगदी कडेला पोहोचल्यावर ती जशी दिसेल तशी मुलांनी तीन वर्तुळांत काढावी. बहुतेक मुले पहिल्यांदा तिन्ही ठिकाणी गोलच काढतात, कारण टिकली गोल आहे हे त्यांना माहीत असते. 'माहीत आहे ते नको, दिसते आहे ते काढ' असे शांतपणे सांगितले की काही वेळाने कडेची टिकली लंबगोल होते. त्यानंतर एखाद्या लहान मण्याला दोरा बांधून तो चेंडूपासून हातभर दूर फिरवावा आणि तो चेंडूसमोरून जाताना कडेजवळही मण्याएवढाच दिसतो, हे पाहू द्यावे. मग गॅलिलिओची मूळ चित्रे दाखवावीत. जूनच्या आरंभापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची त्याची चित्रे छापील पुस्तकात एका पानावर एक अशी आहेत. त्यांच्या प्रती एकावर एक ठेवून भरभर उलटल्या की सूर्य फिरताना दिसतो. 'सांगा, ही टिकली आहे की मणी?' असे विचारले, तर सात-आठ वर्षांची मुले स्वतःच निर्णय देतात, आणि तो निर्णय गॅलिलिओच्या कारणासह दिलेला असतो.

डाग म्हणजे काय, हे गॅलिलिओला कळले नव्हते. ते निर्माण होतात, आकार बदलतात, तुटतात आणि विरून जातात हे पाहून त्याने त्यांची तुलना पृथ्वीवरील ढगांशी केली. ही तुलना त्यांच्या वागण्यापुरती चांगली होती, पण डाग ढग नव्हेत. मुलांना सांगावे की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस इतका तप्त असतो आणि डागाच्या मध्यभागी तापमान त्याहून हजार-दोन हजार अंशांनी कमी असते. म्हणजे डागसुद्धा भयंकर तप्तच असतो. शेजारचा भाग अधिक उजळ असल्यामुळे तो आपल्याला काळा दिसतो. सूर्याच्या आतून वर येणारी उष्णता तिथे तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे अडते. त्या जागी असे क्षेत्र असते हे जॉर्ज एलरी हेल याने १९०८ मध्ये दाखवले. लहान मुलांसाठी 'तिथे सूर्याचे चुंबक खालची उष्णता अडवते' एवढे पुरे. आकाराची कल्पना देताना एवढेच सांगावे की अनेक डागांत आपली संपूर्ण पृथ्वी सहज मावेल.

प्रत्यक्ष निरीक्षणाच्या बाबतीत मी कडक आहे. दुर्बिणीने कागदावर प्रतिमा पाडण्याचा प्रयोग या वयाच्या मुलांनी स्वतः करू नये. जाणकार प्रौढ व्यक्तीने तो करावा, मुख्य दुर्बिणीवरील लहान शोधक दुर्बीण काढून ठेवावी किंवा तिचे तोंड बंद करावे, आणि मुलांचा डोळा नेत्रिकेपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापर्यंत, पोहोचणारच नाही असा आडोसा करावा. दुर्बीण क्षणभरही सोडून जाऊ नये. प्लास्टिकचे भाग असलेली नेत्रिका उष्णतेने वितळू शकते. धुरकटवलेली काच, क्ष-किरण चित्राची फिल्म, एकावर एक चढवलेले गॉगल यांपैकी कोणतीही वस्तू सुरक्षित नाही. मुलांच्या हाती द्यायचीच असेल, तर पुठ्ठ्याला पाडलेले लहान छिद्र द्यावे. सूर्याकडे पाठ करून, छिद्रातून येणारा प्रकाश सावलीतल्या पांढऱ्या कागदावर घ्यायचा. या प्रतिमेचा व्यास छिद्र आणि कागद यांतील अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतका असतो, म्हणून ३ मीटर अंतरावर सूर्य जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा दिसतो. एवढ्या प्रतिमेत सहसा डाग दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर त्यांची निराशा होते. पण कागदावरचा हा गोल म्हणजे छिद्राचा आकार नसून खुद्द सूर्याची प्रतिमा आहे, हे चौकोनी छिद्र पाडूनही दाखवता येते, आणि मला तो प्रयोग डाग दाखवण्याइतकाच मोलाचा वाटतो.

धर्मन्यायालयापुढील खटल्याविषयी मुले विचारतात, विशेषतः घरात कोणी आधी सांगितले असेल तर. १६३३ मधील तो खटला पृथ्वी फिरते या मताविषयी होता, डागांच्या पत्रांवरून चाललेला नव्हता. त्यानंतर गॅलिलिओला आयुष्याच्या अखेरीपर्यंत घरातच राहावे लागले, एवढे सांगून या वयात पुढे जावे.

शक्य असेल तर शेवटी मुलांकडून स्वतःची चित्रमालिका काढून घ्यावी. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या अवकाशयानाकडून २०१० पासून सूर्याची रोजची छायाचित्रे सर्वांसाठी उपलब्ध होत आहेत, त्यामुळे डोळ्यांना कोणताही धोका न पत्करता हे करता येते. दररोज एक छायाचित्र घेऊन, एकाच आकाराच्या वर्तुळात, तारीख लिहून डाग काढावेत. एक डाग बिंबाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून तेवढे दिवस तरी मालिका चालवावी. डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते; हे चक्र जर्मनीतील हाइनरिख श्वाबे या औषधविक्रेत्याने १८२६ पासून केलेल्या चिकाटीच्या नोंदींतून लक्षात आले, आणि तेसुद्धा तो बुधापेक्षा सूर्याच्या जवळ असलेला एखादा ग्रह शोधत असताना. १६४५ ते १७१५ या काळात तर डाग अत्यंत विरळ झाले होते. गॅलिलिओ पन्नास वर्षे उशिरा जन्मला असता, तर त्याची बहुतेक वर्तुळे रिकामीच राहिली असती. तेव्हा चक्रातील डाग कमी असणाऱ्या वर्षांत तुम्ही हा उपक्रम घेतलात आणि एखाद्या दिवशी काहीच दिसले नाही, तर मुलांना मनाने ठिपका काढू देऊ नये. वर्तुळ रिकामे ठेवून त्यावर त्या दिवसाची तारीख लिहायला सांगावी. छायाचित्र पाहायचेच राहून गेले असेल, तर त्या दिवसाचे वर्तुळ काढूच नये, म्हणजे 'डाग नव्हता' आणि 'आपण पाहिले नाही' या दोन गोष्टींची गल्लत होणार नाही.